मराठी मजकुरावरच्या घरगुती कामांसाठी कोणती स्क्रिप्टिंग भाषा निवडावी?

गोदाकाठ

नमस्कार. मी नाशिकला सिडकोत राहते आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात हिशेब विभागात काम करते. आमची शेती निफाड तालुक्यात असून दरवर्षी उन्हाळ कांदा चाळीत साठवला जातो. तो केव्हा विक्रीला काढावा हे ठरवताना घरात प्रत्येकाला मागचे भाव वेगवेगळे आठवतात. वास्तविक लासलगाव, विंचूर, पिंपळगाव बसवंत, उमराणे, येवला या बाजारांचे भाव आमच्या व्हॉट्सॲप गटावर रोजच्या रोज येतात आणि गेल्या काही वर्षांचे ते सगळे संदेश मी एक्स्पोर्ट करून साध्या मजकूर-फाइलींमध्ये ठेवले आहेत. अडचण अशी की ते वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या कीबोर्डवरून, आपापल्या पद्धतीने लिहिलेले आहेत. नमुन्यादाखल एक ओळ अशी असते: «उन्हाळ कांदा - किमान ५००, कमाल 1651, सरासरी १,३००». म्हणजे एकाच ओळीत मराठी अंक आहेत, इंग्रजी अंक आहेत आणि स्वल्पविरामही दोन कामांसाठी वापरला आहे. कधी «किमान» ऐवजी «कमी» असते, तर कधी गोल्टीचा (बारीक कांद्याचा) भाव त्याच ओळीत जोडलेला असतो.

यातून तारीख, बाजार, कांद्याचा प्रकार आणि तीन भाव असा तक्ता मला तयार करायचा आहे. त्याशिवाय सासऱ्यांनी पूर्वी संगणकावर टंकून ठेवलेल्या फवारण्यांच्या, पावसाच्या आणि मजुरीच्या नोंदी आहेत. त्या जुन्या, युनिकोडपूर्व (म्हणजे सर्व लिप्यांतील अक्षरांना ठरावीक क्रमांक देणाऱ्या युनिकोड या प्रमाणपद्धतीच्या आधीच्या) फॉन्टमध्ये असल्यामुळे माझ्या संगणकावर उघडल्या की निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. त्याही कधीतरी वाचनीय करायच्या आहेत.

एक्सेल मला चांगले येते, घरच्या लॅपटॉपवर उबुंटू आहे आणि फाइलींत मजकूर शोधणाऱ्या ग्रेपसारख्या आज्ञा मी वापरते, मात्र पूर्ण प्रोग्राम कधी लिहिलेला नाही. ऑक, पर्ल, पायथन आणि रुबी ही नावे सतत वाचनात येतात. यांपैकी एकच भाषा मन लावून शिकायची आहे, कारण वेळ फक्त संध्याकाळचा मिळतो. नोकरीसाठी काय उपयोगी आहे हा माझा प्रश्न नाही. मराठी मजकूर कोणती भाषा नीट हाताळते आणि आज लिहिलेले काम काही वर्षांनीही चालेल अशी कोणती, एवढेच जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे.

सातपूरकर

ताई, आपण ग्रेप वापरता म्हणजे अर्ध्या वाटेवर आहातच. माझ्या मते आपली पहिली भाषा ऑक असावी. संगणकशास्त्रज्ञ आहो, वाइनबर्गर आणि कर्निघन यांनी १९७७ मध्ये बेल लॅब्जमध्ये ती तयार केली ती नेमक्या अशाच कामासाठी: ओळीमागून ओळ वाचायची, नमुना जुळला की त्या ओळीवर कृती करायची, आणि ओळीचे तुकडे आपोआप रकान्यांसारखे हाताशी यायचे. ज्यांचा हिशेबाच्या कामाचा हात आहे त्यांना ही रचना लगेच उमगते. बाजारनिहाय सरासरी काढणे हे ऑकमध्ये दोन-तीन ओळींचे काम आहे आणि त्यासाठी काहीही वेगळे बसवावे लागत नाही.

फक्त उबुंटूवर एक काळजी अवश्य घ्यावी. तिथे ऑक या नावाने सहसा मॉक नावाची आवृत्ती चालते आणि ती मजकुराकडे अक्षरे म्हणून न पाहता बाइट म्हणून पाहते. बाइट म्हणजे संगणकातील साठवणीचे छोटे एकक; देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइट घेते, त्यामुळे «नाशिक» या शब्दाची लांबी मॉक पंधरा सांगतो, तर गॉक ही ऑकची दुसरी आवृत्ती पाच सांगते. [०-९] असा साधा नमुनाही मॉकमध्ये भरवशाचा राहत नाही. म्हणून गॉक आवर्जून बसवून घ्यावा. मूळ ऑकमध्येही यूटीएफ-८ ची सोय २०२२ मध्ये स्वतः कर्निघन यांनी आणली. एवढ्या जुन्या साधनाची निगा त्याचा निर्माता अजून राखतो आहे, ही गोष्ट मला टिकाऊपणाच्या दृष्टीने फार मोलाची वाटते.

मराठी अंक मात्र ऑकला संख्या म्हणून कळत नाहीत. «१३००» मध्ये शून्य मिळवले तर उत्तर शून्य येते, म्हणून आधी सेड या मजकूर बदलणाऱ्या साधनाने सर्व मराठी अंक इंग्रजी करून घ्यावेत. सेडची वाय ही आज्ञा दहा अंकांच्या बदल्यात दहा अंक ठेवण्याचे काम एका फटक्यात करते. त्या कामासाठी टीआर ही अक्षरे बदलणारी आज्ञा वापरू नये, कारण उबुंटूवरील टीआर अजूनही एकेक बाइटच बदलतो आणि मजकूर बिघडवतो.

पानोपानी

सातपूरकरांचे म्हणणे त्यांच्या मर्यादेत योग्य आहे, पण गोदाकाठ यांच्याकडील मजकूर रकान्यांत बसलेला नाही आणि अडचणीचे मूळ तिथेच आहे. मी नाशिकरोडला मराठी पुस्तकांच्या अक्षरजुळणीचे काम करतो आणि दररोज अशा मजकुराशी माझा संबंध येतो. माझा सल्ला पायथनचा आहे, परंतु तो मनात शंका न ठेवता स्वीकारू नये. पायथन मराठीच्या बाबतीत एका ठिकाणी फार वाईट वागते आणि ती जागा आधीच माहीत असलेली बरी.

रेग्युलर एक्सप्रेशनमध्ये, म्हणजे मजकुरातील नमुना सांगणाऱ्या सांकेतिक लिखाणात, «शब्द» ओळखण्यासाठी बॅकस्लॅश आणि डब्ल्यू असे लिहितात, हे प्रत्येक शिकवणीत पहिल्या धड्यात सांगितले जाते. पायथनच्या अंगभूत आरई मॉड्यूलमध्ये (मॉड्यूल म्हणजे तयार कोडचा संच) या चिन्हाचा अर्थ अक्षर, अंक किंवा अधोरेषा एवढाच आहे. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त यांना युनिकोडमध्ये अक्षर म्हणून नव्हे, तर जोडचिन्ह म्हणून नोंदलेले आहे, त्यामुळे प्रत्येक कान्यापाशी शब्द तुटतो. «लासलगाव» दिले तर «ल», «सलग» आणि «व» असे तीन शब्द हाती येतात. «कांदा» चे «क» आणि «द» होतात, तर «उन्हाळ» चे «उन», «ह» आणि «ळ». शब्दाची सीमा दाखवणारे चिन्हही याच व्याख्येवर उभे असल्यामुळे तेही चुकीच्या जागी लागते. कोणतीही त्रुटी दाखवली जात नाही, प्रोग्राम व्यवस्थित चालतो आणि तक्ता मात्र चुकीचा तयार होतो, म्हणून हे विशेष घातक आहे.

यावर दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे रेजेक्स नावाचे वेगळे मॉड्यूल बसवणे. त्यात शब्दाची व्याख्या युनिकोडच्या शिफारशीप्रमाणे असल्याने «लासलगाव» अखंड राहते. दुसरा उपाय अंगभूत मॉड्यूलमध्येच करता येतो: शब्दाऐवजी देवनागरीचा संपूर्ण पट्टा, म्हणजे [ऀ-ॿ] हा नमुना वापरायचा. मात्र या पट्ट्यात दंड, दुहेरी दंड आणि मराठी अंकही येतात, ते नको असतील तर वगळावे लागतात.

एवढे सांगूनही मी पायथनच सुचवतो, त्याची कारणे आपल्याच नमुन्यात आहेत. पायथनमध्ये «१३००» हा मजकूर पूर्णांकात बदलायला सांगितला की सरळ १३०० ही संख्या मिळते, मराठी आणि इंग्रजी अंक मिसळलेले असले तरी अडत नाही. फक्त हजाराचा स्वल्पविराम आधी काढावा लागतो. आपल्या ओळीत तो स्वल्पविराम दोन भावांच्या मध्येही येतो, तेव्हा ज्याच्या दोन्ही बाजूंना लगेच अंक आहे आणि पुढे बरोबर तीन अंक आहेत तोच काढायचा, असा नियम करावा. «५००,१६५१» असे जागा न सोडता लिहिलेले असेल तर पुढे चार अंक असल्याने तो स्वल्पविराम वाचतो. «५००,६५१» असे असेल तर कोणताही नियम पुरणार नाही. अशा ओळी प्रोग्रामने अंदाजाने सोडवू नयेत, वेगळ्या फाइलमध्ये काढून आपल्यासमोर ठेवाव्यात.

व्हॉट्सॲपच्या एक्स्पोर्टमध्येही काही खाचाखोचा आहेत. एकाच संदेशात अनेक ओळी असतील तर तारीख फक्त पहिल्या ओळीला मिळते, म्हणून तारखेने सुरू न होणारी ओळ मागच्या संदेशाला जोडून घ्यावी लागते. तारखेचे स्वरूप फोनच्या सेटिंगप्रमाणे बदलते. अलीकडच्या एक्स्पोर्टमध्ये वेळ आणि एएम-पीएम यांच्यामध्ये साध्या जागेऐवजी एक अरुंद, न तुटणारी जागा असते. डोळ्यांना ती दिसत नाही, पण साधी जागा गृहीत धरून लिहिलेला नमुना तिथे जुळत नाही. पायथनमध्ये बॅकस्लॅश आणि एस असे लिहिले तर ही जागाही त्यात धरली जाते.

मखमलाबाद

पानोपानी यांनी शब्द तुटण्याचा जो मुद्दा मांडला आहे, तो वाचल्यावर पर्लचे नाव या चर्चेत यायलाच हवे. लॅरी वॉल यांनी १९८७ मध्ये पर्ल आणली ती मजकुरातून माहिती वेचून अहवाल तयार करण्यासाठीच, आणि आजही तिच्यात शब्दाचे तेच चिन्ह मात्रा, अनुस्वार, हलन्त या सगळ्यांसह जुळते. «लासलगाव» अखंड मिळावे म्हणून वेगळे काही बसवावे लागत नाही. फाइल यूटीएफ-८ आहे आणि स्क्रिप्टमधील मजकूरही यूटीएफ-८ आहे, एवढे सुरुवातीला स्पष्ट सांगितले की झाले; ते सांगितले नाही तर मात्र पर्लही बाइटच मोजते.

दुसरी गोष्ट वर्णक्रमाची. कोणत्याही भाषेत साधी क्रमवारी लावली की युनिकोडमधील जागेप्रमाणे ळ हे अक्षर ल आणि व यांच्या मध्ये येते, आणि क्ष व ज्ञ अनुक्रमे क आणि ज मध्ये शिरतात. आपल्या वर्णमालेत ह नंतर ळ, मग क्ष आणि ज्ञ. पर्लसोबतच येणाऱ्या युनिकोड-कोलेट या मॉड्यूलमध्ये मराठीचा वेगळा क्रम दिलेला आहे. पायथनमध्ये त्यासाठी आयसीयू हे बाहेरचे ग्रंथालय (तयार कोडचा मोठा संच) जोडावे लागते. गावांची किंवा शेतकऱ्यांची यादी लावायची असेल तर हा फरक जाणवतो.

टिकाऊपणाबद्दल आपण विचारलेच आहे. पायथनची तिसरी आवृत्ती २००८ मध्ये आली तेव्हा दुसऱ्या आवृत्तीतील पुष्कळ कोड जसाच्या तसा चालेनासा झाला, आणि दुसऱ्या आवृत्तीची देखभाल २०२० च्या आरंभी थांबली. पर्ल ५ ही १९९४ पासून चालत आली आहे आणि जुन्या स्क्रिप्ट तिच्यात सहसा बिनतक्रार चालतात. घरगुती कामाला रोज हात लावला जात नाही. वर्षातून एकदा, कांदा चाळीत पडला की आपण ती स्क्रिप्ट काढणार, तेव्हा हा गुण महत्त्वाचा ठरतो. मात्र मराठी अंकांच्या बाबतीत पर्ल ऑकच्याच पंक्तीत आहे, तिलाही ते आधी बदलून द्यावे लागतात. रुबीविषयी थोडक्यात सांगायचे तर तिच्यात शब्दाचे छोटे चिन्ह फक्त रोमन अक्षरे ओळखते आणि मराठीसाठी त्याचे लांब रूप लिहावे लागते. बाकी ती भाषा देखणी आहे.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. «लासलगाव» चे तुकडे होताना मी स्वतः करून पाहिले. जे काम आपल्याला बरोबर झाल्यासारखे वाटले असते, ते किती चुकीचे झाले असते याची त्यामुळे कल्पना आली. आता दोन शंका उरतात. पहिली शंका अशी की «शेतकऱ्यांना» हा शब्द शोधला असता काही संदेश सापडतात आणि काही सापडत नाहीत, जरी डोळ्यांना दोन्ही ठिकाणी तो शब्द अगदी सारखाच दिसतो. दुसरी शंका जुन्या फॉन्टमधील नोंदींची, त्यावर अजून कोणी लिहिलेले नाही.

पानोपानी

«शेतकऱ्यांना» हा मराठीचा खास प्रश्न आहे. त्यातील अर्धा र तीन प्रकारे साठवलेला असू शकतो: ऱ हे स्वतंत्र चिन्ह आणि हलन्त, साधा र, खाली नुक्ता आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखे दिसतात. युनिकोडचे एनएफसी हे प्रमाणीकरण पहिले दोन प्रकार एक करते आणि ते पायथन व पर्ल या दोन्हींत अंगभूत आहे. तिसरा प्रकार मात्र कोणतेही प्रमाणीकरण एक करत नाही, तो आपणच शोधून पहिल्या रूपात बदलावा लागतो. «ॲ» चेही असेच आहे: एकसंध चिन्ह आणि अ वर चंद्र या दोन लेखनांना युनिकोड समान मानत नाही. फाइल उघडल्यावर सर्वप्रथम ही साफसफाई करणारा एक छोटा भाग लिहावा आणि पुढचे सगळे काम त्या स्वच्छ प्रतीवरच करावे. मूळ एक्स्पोर्ट तसाच राखून ठेवावा.

याच भागात गावांच्या नावांचाही विचार करावा लागेल. संदेशात «उमराणे» कमी वेळा आणि «उमराण्यात» किंवा «उमराण्याला» जास्त वेळा येते, «येवला» चे «येवल्यात» होते आणि «नाशिक» चे «नाशकात». सामान्यरूप ओळखणे कोणत्याही स्क्रिप्टिंग भाषेच्या आवाक्यातले काम नाही. आपल्याला लागणारे बाजार मोजके आहेत, तेव्हा प्रत्येक बाजारासमोर त्याची सगळी रूपे लिहिलेली एक साधी फाइल ठेवणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे, आणि नवे रूप सापडले की प्रोग्रामला हात न लावता त्या फाइलमध्ये भर घालता येते.

जुन्या फॉन्टबद्दल: आपल्याला दिसणारी रोमन अक्षरे म्हणजे बिघडलेला मजकूर नव्हे. त्या काळच्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरीचे आकार बसवलेले असत, म्हणून फॉन्ट गेला की खालची अक्षरे उघडी पडतात. कोणत्या क्रमांकावर कोणता आकार आहे याचा तक्ता फॉन्टगणिक वेगळा असतो. तो हाती आला तरी केवळ बदली करून भागत नाही, कारण तिथे मजकूर उच्चाराच्या क्रमाने नव्हे, तर दिसण्याच्या क्रमाने साठवलेला असतो. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकलेली असते. «क्विंटल» मध्ये ती फक्त क च्या पुढे नेऊन चालत नाही, संपूर्ण जोडाक्षराच्या पलीकडे न्यावी लागते. रफार नेमका उलटा, «वर्षातील» मध्ये तो कान्याच्याही नंतर येतो आणि तिथून उचलून ष च्या आधी आणावा लागतो. तक्त्यातील लांब जोड्या आधी आणि छोट्या नंतर बदलाव्यात, नाहीतर लांब जोडीचा पहिला तुकडाच आधी बदलला जाऊन उरलेला भाग तसाच राहतो.

हा तक्ता टॅबने विभागलेल्या साध्या फाइलमध्ये ठेवला तर उद्या भाषा बदलली तरी मेहनत वाया जात नाही. सासऱ्यांच्या नोंदी वर्डच्या फाइलमध्ये असतील तर त्यांत औषधांची इंग्रजी नावेही असणार, आणि सरसकट रूपांतर केले तर तीही देवनागरीत जाऊन निरर्थक होतील. फाइल डॉक्सएक्स स्वरूपात जतन करून घेतली की पायथनच्या डॉक्स ग्रंथालयाने प्रत्येक तुकड्याचा फॉन्ट विचारता येतो आणि फक्त जुन्या फॉन्टमधलाच मजकूर बदलता येतो. आपल्यासाठी पायथनचे पारडे जड आहे असे मी म्हणतो ते मुख्यतः या एका कारणामुळे.

मखमलाबाद

वर्डच्या फाइलींचा मुद्दा मला मान्य आहे. त्या कामासाठी मीही पायथनच घेतली असती. भावांचे संदेश एवढेच काम असते तर पर्लचा आग्रह धरला असता, पण दोन्ही कामे करायची आहेत आणि भाषा एकच शिकायची आहे, तेव्हा गोदाकाठ यांनी पायथन आणि रेजेक्स मॉड्यूल घ्यावे. वर्णक्रमासाठी ळ, क्ष आणि ज्ञ यांची जागा ठरवणारे छोटे फंक्शन स्वतः लिहिता येते, बाजारांच्या मोजक्या नावांना तेवढे पुरते.

सातपूरकर

माझीही हरकत नाही, मात्र गॉक बसवून ठेवावा. तक्ता तयार झाल्यावर एखाद्या महिन्याचा कमाल भाव चटकन पाहायला त्याच्याइतके सोपे दुसरे काही नाही.

एक गोष्ट कोणी सांगितली नाही. तक्ता सीएसव्ही (स्वल्पविरामाने रकाने विभागलेल्या) स्वरूपात लिहून घरातल्या इतरांना पाठवणार असाल आणि ते तो विंडोजवरील एक्सेलमध्ये उघडणार असतील, तर फाइलच्या सुरुवातीला यूटीएफ-८ ची खूण असणे आवश्यक आहे, अन्यथा सगळी देवनागरी विस्कटलेली दिसते. पायथनमध्ये फाइल लिहिताना एन्कोडिंग म्हणून «यूटीएफ-८-सिग» दिले की ती खूण आपोआप पडते. हीच फाइल पुढे पायथनमध्ये वाचताना तेच एन्कोडिंग द्यावे, नाहीतर पहिल्या रकान्याच्या नावाला ते अदृश्य चिन्ह चिकटून राहते आणि «तारीख» नावाचा रकाना सापडत नाही.